सहाशे सतरा अंकांचे कुलूप

१३ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके आणि तंत्रज्ञान संस्थेने तीन दस्तऐवज प्रसिद्ध केले. रविवारी दुपारी आरामखुर्चीत वाचावे असे त्यांत काही नाही. भाषा रुक्ष, पानोपानी बीजगणित. पण मथितार्थ एका वाक्यात सांगता येण्यासारखा आहे : गेली सत्तेचाळीस वर्षे जगाने ज्या कुलपावर विश्वास टाकला, ते बदलायची वेळ आली आहे आणि नवी कुलपे ही अशी आहेत. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात या संस्थेने आणखी एक मसुदा काढला आणि त्यात तारखाही घातल्या. आज सर्वत्र चालणारे जुने कुलूप २०३० नंतर वापरू नये असे सांगितले जाईल आणि २०३५ नंतर ते मुळीच ग्राह्य धरले जाणार नाही.

हे कुलूप लोखंडाचे नाही, की पितळेचे नाही. ती एक पूर्ण संख्या आहे. कागदावर लिहायला घेतली तर सहाशे सतरा अंकांची. बँकांच्या संकेतस्थळांची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे, प्राप्तिकराच्या विवरणपत्रावर सनदी लेखापाल जी डिजिटल सही ठोकतात ती, आपल्या एटीएम कार्डावरची ती सोनेरी चिप, या सगळ्यांच्या तळाशी बहुधा अशीच एखादी लांबलचक संख्या बसलेली असते. दर ठिकाणी वेगळी, कुठे थोडी आखूड, पण जात तीच. तिचा एक गुणधर्म असा की ती दोनच संख्यांच्या गुणाकारातून जन्मलेली आहे, आणि त्या दोन कोणत्या हे जन्म देणाऱ्याखेरीज कुणालाही ठाऊक नाही. बस्स. कोट्यवधी लोकांची पुंजी या एवढ्या अज्ञानावर सुरक्षित आहे.

मी आयुष्याची तीसेक वर्षे बँकेत काढली. कादंबऱ्या लिहिल्या त्या उरलेल्या वेळात. संख्यांच्या गुणधर्माशी माझी ओळख गणिताच्या पुस्तकातून झाली नाही, ती तेरीज जुळवताना झाली. संगणक यायच्या आधी शाखेत महिनाअखेरीला लेजरची बेरीज आणि जनरल लेजरचा आकडा यांचा मेळ घालावा लागे, आणि तो पहिल्या फटक्यात बसला असे क्वचितच होई. फरक आला की जुने हेडकॅशियर प्रथम एकच गोष्ट बघत : फरकाला नऊने भाग जातो का? जात असेल तर कुणीतरी दोन अंकांची अदलाबदल केली आहे असे खुशाल समजावे. ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिले तर फरक ९०० चा. ७२ चे २७ झाले तर ४५ चा. का, ते त्या गृहस्थांना सांगता आले नसते, पण हा ठोकताळा त्यांना रात्री आठच्या लोकलला पोचवत असे. संख्या स्वतःविषयी काहीतरी बोलते आणि ऐकणारा कान असला की पुष्कळ वेळ वाचतो, हे मला तिथे कळले.

शाळेत शिकलेल्या भाज्यतेच्या कसोट्या हा त्याच ऐकण्याचा प्रकार. शेवटचा अंक सम असेल तर दोनने भाग जातो, शून्य किंवा पाच असेल तर पाचने, अंकांची बेरीज तीनने भागली जात असेल तर तीनने. आता पुढील संख्या पाहा. छपाईच्या सोयीसाठी ती चार ओळींत तोडली आहे, आहे मात्र एकच :

११४३८१६२५७५७८८८८६७६६९२३५७७९९७६१४
६६१२०१०२१८२९६७२१२४२३६२५६२५६१८४२९३
५७०६९३५२४५७३३८९७८३०५९७१२३५६३९५८७०
५०५८९८९०७५१४७५९९२९००२६८७९५४३५४१

एकूण एकशे एकोणतीस अंक. शेवटी एक आहे, म्हणजे दोन आणि पाच बाद. अंकांची बेरीज मी पेन्सिलीने करून पाहिली, ती ६२० भरते. म्हणजे तीनही बाद आणि अर्थात नऊही. यापुढे आपल्या शाळेतल्या कसोट्या हात टेकतात. वाचायची म्हटली तरी पंचाईत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एकं, दहं, शतं पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत, आणि अठरा अंकांनंतर परार्धही संपतो. उरलेल्या एकशे अकरा अंकांना आपल्या परंपरेने नाव ठेवलेले नाही.

या संख्येचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९७७ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी गुप्त लेखनाची एक नवी रीत शोधली. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला आरएसए म्हणतात. 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर गणिती करमणुकीचे सदर लिहीत. त्यांनी त्या वर्षीच्या ऑगस्ट अंकात ही संख्या छापली, तिच्या साहाय्याने गुप्त केलेला एक निरोप छापला, आणि जो कोणी तो उलगडील त्याला शंभर डॉलरचे बक्षीस जाहीर केले. (याच गार्डनरांनी याच सदरात दोन वर्षे आधी, १९७५ मध्ये, आपल्या देवळालीच्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर मास्तरांवर लिहिले होते. ६१७४ या संख्येची मौज जगभर पोचली ती त्या लेखामुळे. कापरेकरांना आकड्यांच्या मागे लागलेला एक विक्षिप्त शाळामास्तर म्हणून इकडे पुष्कळांनी हसून घेतले होते.)

निरोप वाचायचा तर त्या एकशे एकोणतीस अंकी संख्येचे दोन अवयव शोधायला हवेत. एक चौसष्ट अंकी, दुसरा पासष्ट अंकी, आणि दोन्ही मूळ संख्या, म्हणजे स्वतःखेरीज आणि एकखेरीज कशानेही भाग न जाणाऱ्या. त्या दोन संख्या कुणी आपल्या हाती दिल्या तर त्यांचा गुणाकार करणे कष्टाचे आहे पण अवघड नाही. चौसष्ट गुणिले पासष्ट म्हणजे चार हजारांच्या वर छोटे गुणाकार आणि मग बेरजा. चिकाटीचा जुना कारकून दोनतीन दिवसांत करील. उलट दिशेने मात्र वाट बंद. एकेक भाजक लावून बघू म्हटले आणि दर सेकंदाला शंभर कोटी भागाकार करणारे यंत्र घेतले, तरी विश्वाचे सारे वय, म्हणजे सुमारे १,३८० कोटी वर्षे, त्यापुढे चिमूटभरही नाही. रिव्हेस्ट यांचा त्या वेळचा अंदाज छापला गेला होता तो चारवर सोळा शून्ये इतक्या वर्षांचा. 'लीलावती'च्या भाषेत चार मध्य वर्षे.

ती संख्या एप्रिल १९९४ मध्ये फुटली. सतरा वर्षांत.

कशी फुटली हे समजायला हवे, कारण पुढचा सगळा प्रश्न त्यातच आहे. ८०५१ चे अवयव काढा असे मी म्हटले तर बहुतेक जण तीन, सात, अकरा असे भागत सुटतील. पण नव्वदाचा वर्ग ८१०० हे ज्याच्या ध्यानी आले, तो म्हणेल की ८०५१ म्हणजे ८१०० वजा ४९. नव्वदाचा वर्ग वजा साताचा वर्ग. आणि आठवीत शिकलेले सूत्र लावून नव्वद वजा सात आणि नव्वद अधिक सात, म्हणजे ८३ आणि ९७, हे दोन्ही अवयव एका ओळीत मांडून मोकळा होईल. शक्तीने न होणारे काम युक्तीने झाले. १९९४ सालच्या मंडळींनी याच वर्गांच्या फरकाच्या कल्पनेचा फार वाढवलेला अवतार वापरला, आणि त्यासाठी लागणारी लाखो तुकड्यांची जुळणी जगभरातल्या सुमारे सहाशे स्वयंसेवकांना इंटरनेटवरून वाटून दिली. साधारण सोळाशे यंत्रे आठ महिने त्यावर राबली. निरोप उलगडला तेव्हा त्यात इंग्रजीतले एक निरर्थक वाक्य निघाले : जादूचे शब्द आहेत 'चटकन मळमळणारे हाडफोडे गिधाड'. शंभर डॉलर त्यांनी दान केले.

यातून काय शिकायचे? संगणक वेगवान झाले हे खरे, पण अर्धेच. रिव्हेस्ट यांचा अंदाज कोसळला तो मुख्यतः रीत सुधारली म्हणून. आणि येथे या साऱ्या व्यवहारातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी बँकांच्या जाहिरातींत कधी येत नाही. मोठ्या संख्येचे अवयव पाडणे कठीण आहे, हे आजतागायत कुणीही सिद्ध केलेले नाही. कुणाला सोपी रीत सापडलेली नाही, एवढेच. जगातल्या तिजोऱ्या 'आजवर कुणाला जमले नाही' या वाक्याच्या भरवशावर बंद आहेत. कर्जाच्या प्रस्तावावर मी असा शेरा मारला असता तर विभागीय कार्यालयाने तो लाल शाईने परत धाडला असता.

तरीही आपण या कुलपावर विसंबलो, त्याचे कारण त्याने एक फार जुनी अडचण सोडवली. ती अडचण मी अंगावर अनुभवलेली आहे. तारेने पैसे पाठवायचे असत तेव्हा तारेत एक सांकेतिक आकडा घालावा लागे. रक्कम, तारीख, शाखा यांसाठी गुप्त पुस्तिकेत आकडे दिलेले असत, त्यांची बेरीज करून तो काढायचा. पलीकडच्या शाखेतला अधिकारी आपल्या पुस्तिकेवरून तोच आकडा येतो का पाहणार, आला तरच पैसे देणार. व्यवस्था उत्तम होती. फक्त ती पुस्तिका नव्या शाखेत पोचवायची कशी? टपालाने पाठवण्याचा प्रश्नच नव्हता. लाखेने मोहोरबंद केलेले पाकीट मांडीवर धरून एसटीच्या गाडीने तालुक्याच्या गावी मी स्वतः गेलो आहे, पोच घेऊन परतलो आहे. दोन शाखांना एकमेकींशी गुप्त बोलायचे तर आधी एका माणसाने प्रवास करायला हवा, अशी ती रचना. आता कल्पना करा की देशातल्या प्रत्येक मोबाइलधारकाशी बँकेला गुप्तपणे बोलायचे आहे. किती पाकिटे आणि किती एसट्या?

१९७६ मध्ये डिफी आणि हेलमन या दोघांनी या कोंडीतून वाट दाखवली आणि पुढच्या वर्षी आरएसएने ती प्रत्यक्षात आणली. (ब्रिटनच्या गुप्तहेर खात्यातल्या क्लिफर्ड कॉक्स यांना हीच रीत १९७३ मध्येच सुचली होती, पण ते १९९७ पर्यंत बाहेर येऊ दिले गेले नाही. सरकारी नोकरीत कल्पना सुचण्याचे हे असे असते.) टपालपेटीचा दाखला घ्या. पत्र आत कुणीही टाकावे, काढू शकतो तो फक्त किल्लीवाला. बँक ती सहाशे सतरा अंकी संख्या चारचौघांत टांगून ठेवते. तुमचा फोन तिच्या साहाय्याने निरोप बंद करतो. उघडायला ते दोन मूळ अवयव लागतात आणि ते बँकेच्या पोटात. उलट बाजूने हीच युक्ती वापरली की सही होते : अवयव ज्याच्यापाशी आहेत तोच ती करू शकतो, पारखून मात्र कुणीही पाहावी. मोहोरबंद पाकीट नको, प्रवास नको.

या तिनेकशे अंकी मूळ संख्या मिळतात कुठून, असा प्रश्न चाणाक्ष वाचकाला पडेल. त्यांचा तुटवडा नाही. तेवढ्या लांबीच्या संख्यांत साधारण सातशेंमागे एक मूळ असते, तेव्हा यंत्र कुठूनही एक संख्या उचलते आणि मूळ आहे का तपासते, नसेल तर दुसरी. आणि येथेच संख्यांचा एक विलक्षण स्वभाव दिसतो. अमुक संख्या मूळ आहे की नाही हे ठरवणे सोपे आहे, पण ती मूळ नसल्यास तिचे अवयव सांगणे कठीण. ही तपासणी खात्रीने आणि वाजवी वेळात करण्याची सर्वसाधारण रीत ऑगस्ट २००२ मध्ये आपल्याच देशात, कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध करून दाखवली. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच पदवी घेऊन बाहेर पडलेले तरुण होते.

दोषी आहे हे ठाऊक, पण गुन्हा कोणता ते ठाऊक नाही, अशा अवस्थेत काही संख्या पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या आहेत. दोनचा सदुसष्टावा घात घेऊन त्यातून एक वजा केला की १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ येतात. ही संख्या मूळ आहे असे मेर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६४४ मध्ये लिहून ठेवले. १८७६ मध्ये ल्युका या गणितीने ती मूळ नाही हे दाखवले, पण अवयव त्यालाही सांगता आले नाहीत. ते सांगितले १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी, न्यूयॉर्कच्या एका सभेत. आख्यायिका अशी की ते फळ्यापाशी गेले, एका बाजूला तो घात मांडला, दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार केला, दोन्ही उत्तरे सारखी आली, आणि चकार शब्द न बोलता ते जागेवर जाऊन बसले. किती दिवस लागले असे पुढे कुणी विचारले तेव्हा म्हणाले, तीन वर्षांचे रविवार. रविवारच्या पुरवण्या तेव्हा बहुधा पातळ असाव्यात.

असो. आता आजच्या संकटाकडे वळू.

१९९४ साल दुहेरी अपशकुनाचे ठरले. गार्डनरची संख्या फुटली ती एप्रिलात. त्याच वर्षी पीटर शोर या अमेरिकन गणितज्ञाने दाखवून दिले की पुंजभौतिकीच्या नियमांवर चालणारा, म्हणजे क्वांटम संगणक, कधी काळी बांधता आला तर मोठ्या संख्यांचे अवयव तो सहज पाडील. त्याची युक्ती तबलजीला लवकर कळेल. १५ ही संख्या घ्या. दोनचे घात मांडत जा आणि प्रत्येकाला १५ने भागून बाकी तेवढी लिहा : २, ४, ८, १, पुन्हा २, ४, ८, १. चार मात्रांचे आवर्तन झाले, दर चौथ्या मात्रेला सम. आवर्तनाच्या निम्म्यावर, दुसऱ्या मात्रेला, ४ आहे. त्यात एक उणा केला तर ३, एक अधिक केला तर ५, आणि हेच १५ चे अवयव. २१ घेतली तर आवर्तन सहा मात्रांचे निघते, तिसऱ्या मात्रेला ८ येतात. आठातून एक गेला ७ उरले, आठात एक मिळवला ९ झाले, आणि ९ व २१ यांचा मसावि ३. सात त्रिक एकवीस. दरवेळी इतके सरळ बसेलच असे नाही, दोनऐवजी दुसरा आकडा घेऊन बघावे लागते, पण तत्त्व हेच. सहाशे सतरा अंकी संख्येचे आवर्तन इतके लांब असते की साधा संगणक मात्रा मोजता मोजता थकून जाईल. क्वांटम यंत्र एकेक मात्रा मोजत नाही. सगळ्या मात्रा एकदम वाजवून त्यांच्या एकमेकींत मिसळण्यातून ते समेचे अंतर ओळखते.

कागदावर हे तीस वर्षांपूर्वीच सिद्ध झाले. यंत्र मात्र रडतखडत चालले आहे. २००१ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत या रीतीने १५ चे अवयव पाडले गेले, २०१२ मध्ये २१ चे. तिसरीतल्या मुलाने हसावे अशी प्रगती! यापेक्षा मोठ्या संख्या फोडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्यांत उत्तर आधीच माहीत असल्याचा फायदा घेतलेला असतो किंवा संख्या सोयीची निवडलेली असते. म्हणून 'बँका उद्या बुडणार' छापाचे मथळे वाचकांनी खुशाल बाजूला ठेवावेत.

पण सावकाराने कर्जदाराची आजची शिल्लक पाहून भागत नाही, कल कुठे आहे ते पाहावे लागते. सहाशे सतरा अंकी कुलूप फोडायला किती मोठे यंत्र लागेल, याचा २०१९ मधला नाणावलेला अंदाज होता दोन कोटी क्यूबिट, म्हणजे या यंत्राचे मूलघटक, आणि आठ तासांचा वेळ. त्या अंदाजाच्या दोन कर्त्यांपैकी एक, गूगलचे क्रेग गिडनी, यांनी मे २०२५ मध्ये नवा हिशेब मांडला : दहा लाखांहून कमी क्यूबिट आणि आठवड्याच्या आतला वेळ. गूगलनेच डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या चिपवर १०५ क्यूबिट आहेत. म्हणजे अंतर अजून प्रचंड आहे. पण सहा वर्षांत गरज वीस पटींनी घटली ती यंत्रे सुधारल्यामुळे नाही, पुन्हा एकदा रीत सुधारल्यामुळे. १९७७ ते १९९४ चाच प्रयोग नव्या संचात चालू आहे, असे मला दिसते.

आरएसएऐवजी वक्ररेषांच्या गणितावर बेतलेली दुसरी एक पद्धत हल्ली मोबाइलवरच्या संभाषणात अधिक वापरली जाते. तिची संख्या आखूड असते आणि काम झटपट होते. तिच्यामुळे आपण सुटलो असे मानू नये, शोरची युक्ती तिलाही लागू पडते. सुटतात ती माहिती एकाच सामाईक गुप्त किल्लीने बंद करणारी जुन्या वळणाची कुलपे, किल्ली पुरेशी लांब ठेवली की झाले. माझ्या मोहोरबंद पाकिटाचा वंश टिकून आहे, हे ऐकून बरे वाटले.

खरी धास्ती निराळीच आहे. चोराला आज कुलूप उघडता येत नसेल तर तो अख्खी तिजोरी उचलून घरी नेऊन ठेवू शकतो. बंद केलेला निरोप वाटेत टिपून साठवायला काही लागत नाही, साठवणूक स्वस्त आहे. उघडण्याचे यंत्र दहा वर्षांनी मिळाले तरी चालेल. तुमचा आजचा ओटीपी दहा वर्षांनी कुणाला कळला तर त्याने काय करायचे? काही नाही. पण रुग्णाच्या आजाराची नोंद, बोटांचे ठसे, दत्तकाचे कागद, संरक्षण खात्याचा पत्रव्यवहार, ही माहिती दहा वर्षांत शिळी होत नाही. बोटे तर आयुष्यभर तीच राहतात. म्हणून '२०३५ ला बघू' हे उत्तर सह्यांच्या बाबतीत कदाचित चालेल, गुपितांच्या बाबतीत चालणार नाही.

आणि गणित शाबूत असूनही माणसाच्या हलगर्जीने कुलूप कसे निकामी होते, याचे दोन दाखले ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवर उघड्या टांगलेल्या लाखो संख्या गोळा केल्या. दर हजारांतल्या सुमारे दोन संख्या फुकट गेलेल्या निघाल्या. मूळ संख्या यादृच्छिकपणे उचलायच्या असतात, पण काही यंत्रांनी आळस केला आणि दोन निरनिराळ्या कुलपांत एकच अवयव बसला. मग अवयव पाडायची गरजच उरत नाही, दोन संख्यांचा मसावि काढला की काम फत्ते, आणि मसावि काढण्याची युक्लिडची रीत दोन हजारांहून अधिक वर्षे जुनी आहे. ८०५१ आणि ७३८७ घ्या. वजाबाकी ६६४. ७३८७ला ६६४ने भागले की बाकी ८३. ६६४ला ८३ने भागले की बाकी शून्य. दोन्ही कुलपे तीन ओळींत उघडली. दुसरा दाखला एस्टोनियाचा. त्या चिमुकल्या देशाचे सगळे सरकारी व्यवहार ओळखपत्रावरच्या चिपवर चालतात. चिपमधली मूळ संख्या निवडण्याची रीत सदोष असल्याचे झेक संशोधकांनी दाखवले, तेव्हा नोव्हेंबर २०१७ मध्ये सरकारला सुमारे साडेसात लाख कार्डांची प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली. त्यांच्याकडे कार्डांची यादी तयार होती, दूरस्थ पद्धतीने नवी किल्ली बसवण्याची सोय होती, म्हणून ते निभावले.

नव्या कुलपांविषयीही मी फार भाविक नाही. अवयवांऐवजी जाळीसारख्या रचनांतले जवळचे बिंदू शोधण्याच्या कोड्यावर त्यांतली मुख्य पद्धत उभी आहे. ते कोडेही कठीण असल्याचे सिद्ध झालेले नाही, आजवर कुणाला जमलेले नाही इतकेच. निवडीच्या शर्यतीत पुढच्या फेरीपर्यंत पोचलेली एक पद्धत २०२२ मध्ये बेल्जियमच्या दोन गणितज्ञांनी साध्या संगणकावर तासाभरात फोडली. तेव्हा काही वर्षे जुने आणि नवे अशी दोन्ही कुलपे एकदम लावावीत, हा तज्ज्ञांचा सल्ला मला शहाणपणाचा वाटतो. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे ठेवण्याची आमची पद्धत याच संशयातून आली होती. काही संदेशवहन सेवांनी आणि ब्राउझरांनी २०२३-२४ पासून तसे करायला घेतलेही आहे.

आपल्याकडे केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटी ६५ लाख रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी दिली. मुदत २०३०-३१ पर्यंत. यंत्र बांधण्यासाठी पैसा मिळतो, कारण यंत्राचे उद्‌घाटन करता येते. कुलपे बदलण्याला फीत नसते. सहकारी बँका, नगरपालिका, जिल्हा रुग्णालये यांच्या संगणकांत जुनी कुलपे कुठे कुठे बसली आहेत याची यादी करणे हे त्यातले पहिले काम, आणि ते कंटाळवाणे आहे. यंत्रसामग्री कुणा कंत्राटदाराने दहा वर्षांपूर्वी बसवलेली, तो आता फोन उचलत नाही, आणि आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही, अशी स्थिती ज्यांनी कार्यालये आतून पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. तोपर्यंत सामान्य खातेदार लुटला जातोय तो फोनवर पोलीस अधिकारी बनून बोलणाऱ्या भामट्यांकडून. 'डिजिटल अटके'च्या भीतीने निवृत्त माणसे आयुष्याची पुंजी आपल्या हाताने पाठवून देतात. त्या गुन्ह्यात एकही अवयव पाडलेला नसतो. त्यासाठी १९३० हा क्रमांक आहे, तो फोनजवळ लिहून ठेवावा.

शाखेचा ताबा घेताना नवा व्यवस्थापक पहिल्या दिवशी किल्ल्यांची नोंदवही मागवत असे. कोणती किल्ली कुणाकडे, दुसरी प्रत कोणत्या शाखेत ठेवली आहे, कधी बदलली. एखादी सापडली नाही तर नुसती किल्ली करून भागत नसे, कुलूपच बदलावे लागे, आणि खर्च वरच्या कार्यालयाला कळवावा लागे. तशी नोंदवही आपल्या बँकेने संख्यांच्या कुलपांसाठी केली आहे का, हे वार्षिक सर्वसाधारण सभेत एखाद्या भागधारकाने विचारायला हरकत नाही. उत्तर देणाऱ्याने बदललेल्या कुलपांची संख्या सांगितली, तर पुढचा प्रश्न जुन्या बॅकअपांच्या टेपांविषयी विचारावा, कारण ज्या प्रती आधीच बाहेर गेल्या असतील त्यांना नवे कुलूप लावता येत नाही.